हानाको नावाच्या साऱ्या जणी

मे महिन्यात परभणीला दुपारी बारानंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही. खिडक्यांना ओल्या चादरी टांगून, कूलरच्या टाकीत दोनदा पाणी भरून आम्ही सगळे मधल्या खोलीत ऊन उतरायची वाट पाहत बसलेले असतो. यंदा सुट्टीला संभाजीनगरहून आलेली माझी भाची अशाच एका दुपारी मोबाइलवर अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, पाहत होती आणि शेजारच्या बाजेवर आडवी झालेली माझी आजी, जिला घरात सगळे मोठी माय म्हणतात, थोड्या थोड्या वेळाने मान वळवून विचारत होती, "काय बघायलीस गं एवढं?" भाचीने सांगितले, की ही एका भुताची गोष्ट आहे, ते भूत शाळेच्या संडासात राहते आणि त्याचे नाव हानाको आहे. भुताचे मोठ्या मायला काही वाटले नाही. "म्हंजी काय?" एवढेच तिने विचारले. ही तिची जुनी सवय आहे. घरात नवे माणूस आले, की आडनावाच्या आधी ती नावाचा अर्थ विचारते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि माणसांची नावे कशी घडतात, कशी टिकतात, कशी विरतात हा माझ्या वाचनाचा जुना विषय आहे; त्यामुळे या नावाचा अर्थ मला ठाऊक होता. जपानी भाषेत 'हाना' म्हणजे फूल आणि 'को' म्हणजे लेकरू. ही दोन्ही चिन्हे तिथल्या मुलांना पहिलीतच शिकवली जातात, इतकी ती सोपी आहेत. मी सांगितले, "फुलाचं लेकरू." मोठी माय उठून बसली. "मंग फुलाच की," ती म्हणाली, "माझंच नाव हाय."

तिचे कागदोपत्री नाव फुलाबाई आहे. मात्र हे नाव कोणी तोंडाने उच्चारल्याचे माझ्या आठवणीत नाही. गावात ती दत्तूची माय आहे, दीर-जावांना वहिनी आहे, आजोबा होते तोवर ती नुसती 'अगं' होती. त्या दुपारी आपल्या नावाची दुसरी कोणी समुद्रापलीकडे आहे, हे ऐकून तिला जो आनंद झाला तो पाहिल्यापासून मी या हानाकोच्या मागे लागले आहे. नाटकांत, कथांत, प्राणिसंग्रहालयात, संगणकात, जिथे जिथे हे नाव भेटले, तिथे ते का ठेवले असावे याचा विचार करत गेले, तसे मला एक गोष्ट जाणवली. हानाको नावाची बाई बहुतेक वेळा कोणाची तरी वाट पाहत असते, नाहीतर दुसरे कोणी तिची वाट पाहत असते, आणि दोघांच्या मध्ये एखादे बंद दार असते.

भुताचेच आधी सांगते. जपानच्या शाळांमध्ये मुले एकमेकांना जी भयकथा सांगतात, तिच्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या शौचालयातला तिसरा दरवाजा तीनदा वाजवायचा आणि विचारायचे, "हानाको-सान, आहात का?" ('सान' हा नावापुढे आदराने जोडायचा शब्द.) हानाको आत असेल तर बारीक आवाजात उत्तर येते. दरवाजा उघडला तर आखूड कापलेल्या केसांची, तांबड्या स्कर्टमधली लहान मुलगी दिसते. कुठल्या शाळेत ती आत ओढून नेते, कुठल्या शाळेत नुसतीच दिसते. मजला आणि दरवाजाही गावागणिक बदलतो. ही कथा १९८० नंतरच्या काळात देशभर पसरली आणि १९९० नंतरच्या दशकात तिच्यावर पुस्तके आली, चित्रपट निघाले. त्सुनेमित्सु तोरू या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने शाळकरी मुलांच्या तोंडून ऐकलेल्या अशा कथांचे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यानंतर शाळेतल्या भुतांचा तिथे एक स्वतंत्र साहित्यप्रकारच उभा राहिला.

या कथेतला एक तपशील आपल्या भागातल्या माणसाला विशेष गोड वाटेल. हानाको आतून जे उत्तर देते ते एकाच शब्दाचे असते, "हाय." जपानीत या शब्दाचा अर्थ 'हो' असा होतो. पण आमच्या परभणी-हिंगोलीकडे 'हाय' म्हणजे 'आहे'. "आहात का?" "हाय." भाषांतराची गरजच उरत नाही. हे कळल्यावर भाचीने दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी माय न्हाणीत गेलेली पाहून पत्र्याचे दार तीनदा वाजवले आणि विचारले, "फुलाबाई-सान, आहात का?" आतून पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. क्षणभर काहीच नाही. मग मोठी माय म्हणाली, "हाय की. कोण हाय?" त्या क्षणभराच्या शांततेत ती काय करत होती, हे मी तिला नंतर विचारले. ती म्हणाली, कोणाला हाक मारायलेत ते आधी कळलंच नाही.

भाची पाहत होती ती मालिका आयदा-इरो या नावाने लिहिणाऱ्या-काढणाऱ्या जोडीच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेली आहे. मांगा २०१४ मध्ये मासिकातून सुरू झाला आणि त्यावरचे अॅनिमे २०२० च्या जानेवारीत आले. यात याशिरो नेने नावाची मुलगी जुन्या इमारतीतल्या त्या तिसऱ्या दरवाजावर तीनदा टकटक करते, तर तिच्यासमोर जुन्या पद्धतीचा काळा गणवेश आणि टोपी घातलेला एक मुलगा उभा राहतो. हानाको-कुन म्हणतात तो हाच. मुलग्याच्या नावापुढे लावायचा 'कुन' मुलीच्या नावाला जोडल्यामुळे ते नाव ऐकताच जपानी वाचक चमकतो. पुढे कळते, की जिवंतपणी या मुलाचे नाव आमाने होते. हानाको हे त्याला मेल्यानंतर मिळालेले काम आहे. मला या मालिकेतले हे सर्वांत खोल वाटते. नाव ही एक रिकामी जागा आहे, तिथे कोणी तरी उभे राहिलेच पाहिजे, कारण मुले दरवाजा वाजवायची थांबणार नाहीत.

आता इतक्या नावांतून भुतासाठी हेच नाव का निवडले गेले असावे? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण त्या नावाच्या अतिपरिचयात आहे. जपानमध्ये अर्ज कसा भरावा हे दाखवण्यासाठी जो नमुना चिकटवलेला असतो, त्यावर पुरुषाचे नाव यामादा तारो आणि बाईचे नाव यामादा हानाको असे लिहिण्याची रीत आहे. आपल्याकडे नमुन्यावर 'अ ब क' लिहितात आणि बोलताना सोम्यागोम्या म्हणतात. पण सोम्यागोम्यात एक तुच्छतेचा सूर आहे, तो हानाकोत नाही. तारो म्हणजे थोरला मुलगा, हानाको म्हणजे फुलासारखी मुलगी, इतके ते साधे आहे. जस्टसिस्टिम या जपानी कंपनीने १९८५ मध्ये जपानी लिहिण्यासाठीचे सॉफ्टवेअर काढले त्याचे नाव इचितारो ठेवले आणि १९८७ मध्ये आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर आले तेव्हा त्याचे नाव हानाको ठेवले. ज्याने नाव वाचले त्याला ही जोडी आहे हे सांगावे लागले नाही. १९८८ मध्ये शहरातल्या नोकरदार तरुणींसाठी निघालेल्या मासिकाचे नावही हानाको, आणि त्या मासिकाच्या सल्ल्याने खाणाऱ्या-फिरणाऱ्या मुलींना 'हानाको जमात' म्हणू लागले. सगळ्यांना माहीत असलेले आणि कोणा एकीचे नसलेले असे नाव झाले, की ते अर्जाच्या नमुन्याला चालते तसेच भुतालाही चालते.

मोठ्या मायच्या बाबतीत उलटे घडले होते. तिचे नाव एका कागदावर फुलाबाई आणि दुसऱ्यावर फुलबाई असे पडले, त्या एका काना नसण्यापायी तिचा महिन्याचा पगार, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना मिळणारे सरकारी अनुदान, सात महिने अडून राहिला. त्या कार्यालयाच्या खिडकीबाहेरच्या बाकावर तिच्याबरोबर मी चार वेळा बसले आहे. नाव पुकारले गेले तेव्हा चारही वेळा ती उठली नाही, मला तिच्या दंडाला हात लावून सांगावे लागले, "माय, तुला बोलावलंय."

शेवटच्या 'को'विषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या 'बाई'शी त्याची चाल इतकी जुळते, की दोन्हींचा इतिहास शेजारी ठेवून वाचावासा वाटतो. 'को' जोडलेली नावे मुळात दरबारातल्या, उच्च कुळांतल्या स्त्रियांची. आजही राजघराण्यातल्या मुलींची नावे 'को'नेच संपतात: आइको, काको. राजपुत्र हिताची यांच्याशी १९६४ मध्ये विवाह झालेल्या राजवधूचे नावही हानाकोच आहे, फक्त त्यातला 'हाना' वेगळ्या, अधिक भारदस्त चिन्हाने लिहितात. सामान्य घरांतल्या मुलींची नावे एकोणिसाव्या शतकात नुसती दोन अक्षरांची असत, हाना, उमे, तोयो अशी. मेइजी काळानंतर, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या राजवटीनंतर, 'को' खाली उतरला, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो घरोघरी पोहोचला, आणि शतक संपत आले तेव्हा नव्या आईबापांना तो जुनाट वाटू लागला. आता नवजात मुलीचे नाव हानाको ठेवणारे घर क्वचितच सापडेल.

मुराओका हानाको या लेखिकेच्या नावात हा सगळा प्रवास एकाच आयुष्यात दिसतो. तिचा जन्म १८९३ मध्ये कोफू इथला आणि जन्माचे नाव नुसते हाना. लिहू लागल्यावर तिने 'को' जोडून घेतला. कॅनडातल्या अनाथ, तांबड्या केसांच्या अॅन नावाच्या मुलीची कादंबरी तिने जपानीत आणली, ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जपानी वाचकांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१४ मध्ये तिच्या आयुष्यावर सहा महिने रोज सकाळी मालिका दाखवली. त्या मालिकेतली खेड्यातली पोर सगळ्यांना बजावत राहते, की मला हाना म्हणू नका, हानाको म्हणा. विशेष म्हणजे अॅनचाही आपल्या नावाच्या शेवटच्या अक्षरासाठी असाच हट्ट असतो. भाषांतर करताना हानाकोला ते वाचून काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे गंगाखेडची जनी आपल्या अभंगात स्वतःला 'नामयाची दासी जनी' म्हणवते; 'बाई' तिला लोकांनी जोडली, आदराने जोडली. मोठी मायचे माहेर त्याच गंगाखेडच्या अंगाचे, गोदाकाठचे आहे आणि माहेरी तिचे नाव गोदा होते. लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने जे नाव लिहिले ते फुला. त्या दिवसापासून गोदा फक्त तिच्या भावाच्या तोंडी राहिली आणि भाऊ जाऊन आता वीस वर्षे झाली. जपानच्या कायद्याप्रमाणे नवरा-बायकोचे आडनाव एक असावे लागते आणि बहुतेक वेळा बाईच आपले सोडते. परंतु तिचे पहिले नाव कोणी बदलत नाही. आपल्याकडे पहिल्या नावालाही हात घातला जाई. मला याचा राग येतो, आणि मोठ्या मायला येत नाही याचेही वाईट वाटते. माझ्या पिढीतल्या मुलींनी नावाला 'बाई' लावून घेणे सोडले, कारण शहरात त्या शब्दाचा अर्थ धुणीभांडी करणारी असा होऊन बसला. जनीला आदराने दिलेला शब्द असा खाली यावा, हे बरे झाले नाही.

नाटकांकडे वळले, की या नावाचे वय एकदम वाढते. झेआमी या जुन्या नाटककाराच्या 'हान्जो' या नाटकाची नायिका हानागो आहे; नोह या मुखवटे घालून, गाऊन-नाचून करायच्या जुन्या जपानी नाट्यप्रकारातले हे नाटक. लिहिताना चिन्हे तीच, उच्चार थोडा जुना. नोगामीच्या सराईत ती पाहुण्यांच्या सेवेला आहे. पूर्वेकडे निघालेला योशिदा नावाचा सरदार तिथे मुक्काम करतो, दोघे एकमेकांचे पंखे बदलून घेतात आणि तो परत येण्याचे वचन देऊन जातो. त्यानंतर हानागो दिवसभर तो पंखा उघडून पाहत बसते, कोणा पाहुण्यासमोर जात नाही. शेवटी सराईची मालकीण तिला हाकलून देते. तो शरद ऋतूत परत येतो तेव्हा ती तिथे नसते. पुढे क्योटोतल्या कामो देवस्थानाच्या रानात वेडी होऊन फिरणाऱ्या या बाईच्या हातातला पंखा पाहून तो तिला ओळखतो. नाटकाच्या नावामागे चीनच्या हान दरबारातली एक स्त्री आहे, जिने राजाची मर्जी फिरल्यावर स्वतःला शरदातल्या पंख्याची उपमा दिली होती: उन्हाळा सरला, पंखा बाजूला पडला. आमच्या भागात उन्हाळा सरल्यावर वाळ्याचे पंखे माळ्यावर जातात, ते काढून ठेवणाऱ्या हाताला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

या कथेला जोडूनच क्योगेन नावाच्या विनोदी नाट्यप्रकारात 'हानागो' हे नाटुकले आहे. नवरा बायकोला सांगतो, की आज रात्री मी ध्यानाला बसणार आहे, खोलीत येऊ नकोस. आणि आपल्या जागी नोकराला अंगावर पांघरूण घालून बसवून तो हानागोकडे निघून जातो. त्या नोकराचे नाव तारो, हेही लक्षात घ्यावे. बायकोला लबाडी कळते आणि पांघरुणाखाली तीच जाऊन बसते. पहाटे परतलेला नवरा नोकर समजून तिलाच रात्रीची सगळी हकिगत गाऊन सांगतो. खेळ सारा हानागोभोवती, पण ती रंगमंचावर एकदाही येत नाही. क्योगेनमधल्या अतिशय अवघड प्रयोगांत याची गणना होते, कारण नुसत्या गाण्यातून नटाला प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ती बाई उभी करायची असते.

मिशिमा युकिओ या जपानी लेखकाने १९५५ मध्ये 'हान्जो' नव्याने लिहिले आणि मला वाटते, या नावाचे सर्वांत क्रूर आणि सर्वांत सुंदर रूप त्यातच आहे. त्याची हानाको रेल्वे स्थानकाच्या बाकावर पंखा घेऊन बसते, उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पाहते. तो एके दिवशी खरोखर येतो. ती त्याच्याकडे निरखून पाहते आणि म्हणते, की हा तो नव्हे. ज्याची वाट पाहिली तो समोर उभा असताना ती पुन्हा वाट पाहायला लागते. इथे दार तिने स्वतःच लावून घेतले आहे.

काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारात तर भूतही सापडते. १७५३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, 'मुसुमे दोजोजी' हे नृत्यनाट्य पहिल्यांदा झाले. दोजोजी मठात नवी घंटा बसवण्याचा सोहळा आहे आणि बायकांना आत मज्जाव आहे. एक नर्तकी दाराशी येऊन विनवते, नाचून दाखवण्याच्या अटीवर भिक्षू तिला आत घेतात. नाव विचारले, तर हानाको. ती नाचते, एकावर एक किमोनो बदलत जाते, आणि शेवटी घंटेवर झेप घेऊन आपले खरे रूप दाखवते. भिक्षूच्या प्रेमात जळून नागीण झालेल्या आणि घंटेखाली लपलेल्या त्या भिक्षूला जाळून टाकणाऱ्या कियोहिमेचा तो आत्मा असतो. शाळेच्या संडासातल्या हानाकोच्या कितीतरी आधी या हानाकोने दार उघडून घेतले होते. दोन्हींचा थेट संबंध आहे असे माझे म्हणणे नाही. पण अनोळखी आत्म्याला दारात नाव विचारले, की जपानी गोष्टींत हेच नाव समोर येते, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटते.

युरोपने ओळखलेली हानाको हाडामासाची होती. ओता हिसा नावाची नटी विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात नाटके करत फिरत होती. तिला हानाको हे रंगमंचावरचे नाव लोई फुलर या नर्तकीने दिले. १९०६ मध्ये मार्सेच्या प्रदर्शनात शिल्पकार रोदँने तिचा मरणाचा प्रवेश पाहिला आणि मृत्यूच्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मातीत पकडण्यासाठी तिचे पन्नासाहून अधिक मुखवटे आणि डोकी घडवली. तिच्या नावाची छोटी कथा मोरी ओगाई या जपानी लेखकाने १९१० मध्ये लिहिली. तिच्यात रोदँ हानाकोचे रेखाटन करतो तेवढा वेळ जपानी दुभाष्या शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत बसतो. दार लावलेले असते. आपल्या देशाची ही बाई काही देखणी नाही म्हणून थोडा ओशाळलेला तो तरुण परत आत येतो तेव्हा तिचे सौंदर्य त्याला रोदँच्या तोंडून ऐकावे लागते. युरोपातून परतल्यावर हिसा गिफूत राहिली आणि १९४५ मध्ये तिथेच वारली. झेआमीच्या हानागोची नोगामीची सराईही आजच्या गिफू प्रांतातच होती.

मोठ्या मायला या सगळ्यांतली कोणती हानाको आवडली असेल, तर हत्तीण. तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयात युद्धाच्या काळात तीन हत्ती होते: जॉन, तोंकी आणि सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, आलेली वान्री नावाची हत्तीण, जिला हानाको म्हणत. बॉम्बहल्ल्यात पिंजरे फुटून जनावरे मोकाट सुटतील या भीतीने १९४३ मध्ये त्यांना मारून टाकण्याचा हुकूम निघाला. हत्तींनी विष घातलेले खाणे तोंडाला लावले नाही, तेव्हा त्यांना उपाशी ठेवले. ४ सप्टेंबरला मारलेल्या प्राण्यांसाठी प्रार्थनासभा झाली, तेव्हा हानाको आणि तोंकी जिवंत होत्या. हानाको ११ सप्टेंबरला गेली, तोंकी २३ला. हे ऐकताना मोठी माय गप्प बसली. मग म्हणाली, "मेल्याआधीच सुतक धरलं त्यायनं." बहात्तरच्या दुष्काळात दावणीची जनावरे तिने डोळ्यांसमोर खंगताना पाहिली आहेत, त्यामुळे पुढचे मी तिला सांगितले नाही.

युद्धानंतर तोक्योच्या मुलांना हत्ती पाहायचा होता. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये दोन हत्तिणी बोटीने तिथे पोहोचल्या. एक मुलांच्या पत्रांना उत्तर म्हणून पंडित नेहरूंनी भारतातून पाठवलेली, त्यांच्या मुलीच्या नावावरून इंदिरा. दुसरी थायलंडहून आलेली दोन वर्षांची पिल्लू. तिला उपाशी मेलेल्या हत्तिणीचे नाव दिले गेले. ही दुसरी हानाको १९५४ पासून इनोकाशिरा उद्यानात राहिली आणि २६ मे २०१६ रोजी वयाच्या ६९व्या वर्षी वारली. जपानमध्ये इतका दीर्घायुषी हत्ती दुसरा झाला नव्हता. तिच्या आयुष्यातली बहुतेक वर्षे सिमेंटच्या वाड्यात, दुसऱ्या हत्तीवाचून गेली. पुढच्या वर्षी किचिजोजी स्थानकासमोर तिचा पुतळा बसवला. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या तिला पाहायला गेल्या होत्या. सगळ्यांनी कठड्याशी उभे राहून तिला एकाच नावाने हाक मारली. मोठी माय म्हणाली, की आपल्यात बी मेलेल्या माणसाचं नाव पोराला ठेवतेत, म्हंजी ते घरात ऱ्हातं. तिच्या थोरल्या जावेच्या नातीचे नाव असेच ठेवलेले आहे.

दिवाळीत मी संभाजीनगरला बहिणीकडे गेले होते. माझा भाचा अभियांत्रिकीला आहे आणि रात्री अभ्यास झाला, की संगणकावर 'सायबरपंक २०७७' हा पोलंडमध्ये तयार झालेला, २०२० मध्ये आलेला खेळ खेळतो. मी हानाकोविषयी वाचते आहे हे बहिणीने सांगितले असावे, कारण त्याने मला हाक मारून पडदा दाखवला. "मावशी, हिचं पण नाव तेच." भविष्यातल्या एका शहरात आरासाका नावाच्या बलाढ्य जपानी घराण्याची ही मुलगी, हानाको आरासाका, एम्बर्स नावाच्या उंच इमारतीतल्या उपाहारगृहात खेळाडूची वाट पाहत बसते. कामांच्या यादीत तिचे नाव आणि तिथे जाण्याची सूचना दिसत राहते. मधल्या काळात खेळाडू शहरभर शेकडो कामे करतो, गाड्या घेतो, मित्र जोडतो. ती बसलेलीच असते. जगभरच्या खेळणाऱ्यांत ती थट्टेचा विषय होऊन बसली आहे, असे त्याने सांगितले.

मी विचारले, की तू तिला भेटायला का जात नाहीस.

"गेलं की गोष्ट संपायला लागते, मावशी," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये चढायच्या आधीच विचारतंय ते, खरंच जायचं का, मागं येता येणार नाही म्हणून. मी आत्ताच नाही जायलो."

किती दिवस झाले, असे मी विचारले. त्याने हिशेब केला, गणपतीपासून. बहिणीने आतून जेवायला हाक मारली. त्याने खेळ सेव्ह केला, पडदा तसाच ठेवून तो हात धुवायला गेला. खुर्ची रिकामी होती, यादीत वरून दुसऱ्या ओळीत हानाकोचे नाव पिवळ्या अक्षरांत दिसत होते, आणि बाहेर गल्लीत पोरे फटाके लावत होती. मी परभणीला फोन लावला आणि भावाने उचलल्यावर म्हणाले, "गोदाला फोन दे."